वणीची रात्र आणि मिथेनॉलचं घड्याळ

१४ एप्रिल २०२१, रात्री ८. कोरोनामुळे 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागू. दारूची दुकानं बंद. एरवी तेव्हा दारूबंदी असलेल्या चंद्रपूरची मंडळी वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातल्या, मारेगावशेजारच्या वणीकडे यायची. आता वणीचाच घसा कोरडा.

२२ एप्रिल, रात्री ८. निर्बंध आणखी कडक. सॅनिटायझर मात्र अत्यावश्यक. हवं तेवढं घ्या.

२३ एप्रिल, रात्र. वणीत काही जणांनी तेच पोटात घातलं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मृतांचा आकडा ७.

सॅनिटायझरमध्ये एक तर इथेनॉल असतं, देशी दारूच्या जवळपास दुप्पट कडक, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन्ही मेंदूच्या बुंध्यातलं श्वासाचं केंद्र थेट गुंगवतात. खेळ काही तासांत आटोपतो. भेसळीच्या मालात तिसरं निघतं, मिथेनॉल. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं त्यानेच गेली. ते घाई करत नाही. पुढचे तास त्याचे आहेत.

तास पहिला. चढते, पण नेहमीपेक्षा बेताची. म्हणून अजून एक.

तास सहावा. उतरली. माणूस जेवतो, झोपतो. इकडे यकृतातलं एन्झाइम मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करतंय आणि त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल. सोबत साधी दारू पोटात असेल तर एन्झाइम आधी तिच्या मागे लागतं आणि हा शांत काळ लांबतो. फोमेपिझोल हा उतारा हाताशी नसेल तर डॉक्टर उपचार म्हणून इथेनॉलच देतात, ते याच कारणाने. दारूचं विष दारूनेच अडवायचं!

तास बारावा. डोकं ठणकतं, उलट्या, पोटात कळ. घरचे म्हणतात, "रात्रीची उतरली नाही अजून, झोपू द्या त्याले." माझ्या मते खरा घात या वाक्यात आहे. मेंदू अजून वाचवता येण्यासारखा असतो आणि तेव्हाच माणसावर पांघरूण घातलं जातं.

तास अठरावा. डोळ्यांपुढे पांढुरकं, बर्फात उभं राहिल्यासारखं. फॉर्मिक आम्ल पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या, प्राणवायू वापरणाऱ्या साखळीचं शेवटचं एन्झाइम अडवून बसतं. रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशीला तो वापरता येत नाही. आधी मार बसतो डोळ्याच्या पडद्याला, दृष्टीच्या नसेला आणि मेंदूच्या खोल गाभ्यातल्या पुटामेनला. शरीराच्या हालचालींना वळण लावणारा हा भाग. श्वास खोल आणि जोरात चालतो, रक्तातलं आम्ल बाहेर टाकायला. त्या एप्रिलमध्ये धाप लागली म्हटलं की आधी बोटाला ऑक्सिमीटर. तो बिचारा ९८ दाखवणार.

तास चोविसावा. बाहुल्या विस्फारलेल्या, टॉर्च मारला तरी हलत नाहीत. झटके, मग बेशुद्धी. आता डायलिसिस हवं. मारेगावहून "यवतमाळला रेफर" झालं की करंजीमार्गे दोनेक तास रस्त्यातच जातात. काय प्यायला, हे सांगायला सोबतचा माणूस अजून लाजतोय. ते कळल्याशिवाय डॉक्टरही चाचपडत राहतात.

काही आठवड्यांनंतर. वाचलेल्यांपैकी काहींच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंचं पुटामेन मेलेलं दिसतं. हात थरथरतो, पाऊल उचलवत नाही, चेहरा ताठर. पार्किन्सनच्या गोळ्यांनी काहींना थोडाफार फरक पडतो. दृष्टीच्या मेलेल्या नसेवर मात्र गोळी नाही.