कांचेखालचें मुष्टियुद्ध

इ. स. १९५० च्या अखेरीस अमेरिकेंतील शिकागो येथील गॉटलीब कंपनीनें 'नॉक आउट' नांवाचें एक पिनबॉल-यंत्र बाजारांत आणलें. पिनबॉल म्हणजे कांचेनें झांकलेलें, पुढें उतरतें असें मेज. त्यांत नाणें टाकावें, दट्ट्या ओढून पोलादी गोळी वर सोडावी आणि ती तळाशीं नाहींशी होण्यापूर्वीं गुण मिळवावे. 'नॉक आउट'मध्यें मेजावर मुष्टियुद्धाचा इवलासा आखाडाच मांडलेला होता. गोळी योग्य जागीं आदळली कीं विजेचें मंडळ पूर्ण होई, तारेच्या वेटोळ्यांत चुंबकत्व येई, आणि एक मुष्टियोद्धा दुसऱ्यास लोळवी. पंचाचा हात खालींवर होऊन मोजणी करी.

परंतु या खेळावर कायद्याची वक्रदृष्टि होती. १९३१ सालीं, मंदीच्या दिवसांत, गॉटलीबच्या 'बॅफल बॉल'नें तो घरोघर पोहोंचविला. त्यांत गोळी एकदां सुटल्यावर मेज हलविण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं नसे. यास्तव हा निव्वळ दैवाचा, म्हणजेच जुगाराचा प्रकार, असें न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनीं ठरविलें. १९४२ सालीं तेथें बंदी आली व पोलिसांनीं यंत्रें घणांनीं फोडलीं. नवल असें कीं, जेथें तीं बनत त्या शिकागोंतही तीं निषिद्धच होतीं.

१९४७ सालीं हॅरी मॅब्झ यांनीं 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रांत फ्लिपर बसविले. बटण दाबतांच उसळणाऱ्या या छोट्या दांड्यांनीं पडती गोळी परतवितां येऊं लागली. खेळ आतां नजरेचा आणि हाताचा झाला. मात्र जुना खेळ पाहून केलेला कायदा नव्या खेळासही तसाच लागू राहिला.

अखेर १९७६ सालीं न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेपुढें रॉजर शार्प या तरुण लेखकानें प्रत्यक्ष खेळून दाखविलें. गोळी मधल्या वाटेनें जाईल, असें आधीं सांगून त्यानें दट्ट्या सोडला. गोळी तेथूनच गेली. कौशल्याचा हा पुरावा परिषदेनें मानला व बंदी उठविली.

चौतीस वर्षांनीं न्याय मिळाला खरा; पण लवकरच खेळाचें नियंत्रण करणाऱ्या विद्युत्-यांत्रिक रिलेंची जागा सूक्ष्म संगणकांनीं घेतली. ज्या यंत्रांनीं बंदी सोसली, त्यांस मोकळीकीचे दिवस थोडेच लाभले.