हौशी खेळाडूची मजुरी

अमेरिकेतील दोन महाविद्यालयांची पहिली गाजलेली क्रीडास्पर्धा एका आगगाडीच्या कंपनीने भरवली होती, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटणार नाही. 3 ऑगस्ट 1852 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल येथील विद्यार्थ्यांनी नावांची शर्यत खेळली. मुलांच्या जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च रेल्वे कंपनीने सोसला. कारण उघड होते, शर्यत पाहायला येणारी माणसे तिच्याच गाडीतून यायची होती. हार्वर्डची मुले जिंकली. त्यांना चांदीने मढवलेली वल्ही मिळाली, आणि ती देणारे फ्रँकलिन पिअर्स त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. पैसा कोणी मिळवला, ते निराळे सांगायला नकोच.

तेव्हा खेळात पूर्वी शुद्ध हौस होती आणि पुढे पैशाने ती नासवली, असे जे म्हणतात ते मला काही पटत नाही. मुळात ‘हौशी’ हा शब्दच इंग्रजांच्या घरी जन्मला तो सोवळ्यात. हेन्लीच्या नौकाशर्यतींसाठी 1879 साली हौशी कोणाला म्हणावे याचा नियम झाला, त्यात कारागीर, मजूर अशी हाताने कामे करणारी माणसे चक्क वगळली होती. क्रिकेटमध्ये ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ हा भेद तर 1962 पर्यंत टिकला. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही, त्यानेच केवळ आनंदासाठी खेळावे, हा त्यातला खरा अर्थ.

आपल्याकडे हे सोवळे कुस्तीला कधी शिवले नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, इनामे दिली, 1912 साली खासबागेचे मैदान उभे केले. त्या खुराकामुळे मल्लाची कुस्ती हलकी झाली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट 1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. गोळेश्वरच्या या गड्याने ब्राँझपदक आणले. असो.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा खेळ नव्हे, जत्राच झाली. 1905 च्या हंगामात अठरा तरुण मेल्याचे वर्तमानपत्रांनी छापले, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून कान उपटले, आणि 1906 साली एक नियामक संस्था निघाली. पुढे ‘एन.सी.ए.ए.’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. विद्यार्थी-खेळाडूला मोबदला नाही, हा तिचा कुळाचार. तो पाळला मात्र फार थोड्यांनी. 1929 साली कार्नेगी संस्थेने शंभरावर महाविद्यालयांची तपासणी केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी मागच्या दाराने पैसे पोचत असल्याचे दिसले. अखेर 1956 साली खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मुभा मिळाली.

याच सुमारास घडलेली एक गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त बोचते. कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस महाविद्यालयाकडून खेळताना 1955 साली रे डेनिसन नावाच्या तरुणाच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या पत्नीने कामगाराच्या विधवेला मिळते ती भरपाई मागितली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1957 साली निकाल लागला तो असा की, महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही; सबब हा तरुण कामगार नव्हे. बाईंना एक छदामही मिळाला नाही.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द अशाच दाव्यांच्या धास्तीने घडवला गेला, अशी कबुली वॉल्टर बायर्स यांनी 1995 साली आपल्या पुस्तकात दिली. हे बायर्स कोणी ऐरागैरा टीकाकार नव्हते. 1951 पासून 1988 पर्यंत त्यांनीच त्या संस्थेचा कारभार हाकला होता! निवृत्तीनंतर त्यांना आपल्याच व्यवस्थेत मळेवाल्याची वृत्ती दिसू लागली.

दरम्यान दूरचित्रवाणी आली. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांच्या प्रक्षेपणावरील संस्थेची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांच्या दारी पैशाचा पूर लोटला. प्रशिक्षकांचे पगार लाखांवर लाख डॉलर गेले. हौशीपणाचे व्रत उरले ते एकट्या पोरांसाठी. मग एड ओबॅनन नावाच्या जुन्या बास्केटबॉलपटूला एका व्हिडिओ-खेळात आपल्यासारखाच दिसणारा, आपल्यासारखाच खेळणारा पुतळा आढळला. त्याने 2009 साली दावा लावला आणि 2014 साली तो बव्हंशी जिंकला. 2021 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी शिक्षणाशी निगडित लाभांवर संस्थेने घातलेली बंधने बेकायदा ठरवली, आणि 1 जुलैपासून खेळाडूंना आपले नाव व छबी जाहिरातीसाठी विकण्याची मोकळीक झाली.

मोबदला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण एक खुटखुट राहतेच. फुटबॉलच्या मिळकतीवर पोहणाऱ्या, वल्हवणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या मुलामुलींचे पथक पोसले जाते. कमावत्या भावाने वेगळी चूल मांडली की धाकट्यांच्या ताटात काय पडायचे, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. तरी धाकट्यांच्या नावावर थोरल्याची मजुरी बुडवावी, हा न्याय मला मान्य नाही. विशेषतः घरातला कारभारी स्वतः तुपाशी जेवत असताना.

6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. तीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 2.8 अब्ज डॉलर मिळायचे ठरले, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंत 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटता येईल असे ठरले. कागदपत्रांत वाटा, छबी, लाभ असे सगळे शब्द आहेत. खेळाडू हा विद्यापीठाचा नोकर आहे की नाही, हा डेनिसनच्या विधवेचा प्रश्न मात्र त्या तडजोडीने तसाच बाजूला ठेवला.