नालबंद आणि नालबंदी

मध्ययुगीन इंग्लंडांत घोड्यास नाल ठोकणाऱ्या लोहारास ‘फेरर’ म्हणत; आजचा ‘फॅरिअर’ तो हाच. लॅटिन भाषेंतील लोखंडवाचक शब्द त्याच्या मुळाशीं आहे. ‘मार्शल’ हा भारदस्त शब्दही तबेल्यांतूनच निघाला. जुन्या जर्मानिक भाषेंत त्याचा अर्थ घोड्याचा चाकर एवढाच होता. पुढें चाकराचा सेनापति झाला. फ्रेंच भाषेंत मात्र सेनापति आणि नाल ठोकणारा या दोघांच्याही नांवांत तो शब्द अद्याप नांदतो आहे.

आपल्याकडील शब्द ‘नालबंद’. अरबी ‘नअल’ म्हणजे जोडा आणि फारसी ‘बंद’ म्हणजे बांधणारा. एकानें लोखंड पाहिलें, दुसऱ्यानें घोडा, तिसऱ्यानें जोडा.

शिवाजीमहाराजांच्या पागेची व्यवस्था सभासदानें आपल्या बखरींत नोंदली आहे. तींत पंचवीस बारगिरांच्या तुकडीस एक पखालजी आणि एक नालबंद नेमून दिलेला आढळतो. हें प्रमाण हिशेबी आहे. पंचवीस घोडे म्हणजे शंभर खूर. खूर नखासारखा वाढतो. म्हणून नाल शाबूत असला तरी सहा-आठ आठवड्यांनीं तो उपटून, खूर तासून, पुन्हां बसवावा लागतो. म्हणजे रोजचे दोन-तीन खूर झाले. छावणींत हें काम हलकें खरें. पण घाटांतील दगडगोट्यांवर नाल निखळूं लागले कीं एका माणसास उसंत मिळत नसे. घोडा लंगडला कीं स्वार पायउतार झालाच!

बारगिराचा घोडा सरकारी. शिलेदाराचा मात्र स्वतःचा. घोडा मेला तर त्याची जिंदगीच बुडे. म्हणून मोहिमेपूर्वीं तयारीसाठीं त्यास जी उचल मिळे, तिला ‘नालबंदी’ म्हणत. नांव नालाचें, पण तींतून दाणावैरण, खोगीर, किंबहुना घरची तरतूदही होई. ही रक्कम हातीं पडल्यावांचून शिलेदार घराबाहेर निघावा कसा?

अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजेचा वेलस्लीनें पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा वऱ्हाडांतील अंमल संपून तो निजामाकडे गेला. मराठी स्वारांचे दिवस सरत चालले होते. १८५३ सालीं वऱ्हाड कंपनीच्या कारभारांत आलें, १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोंचली, आणि कापसाच्या गाड्या अकोल्याच्या बाजाराकडे लोटूं लागल्या. खडीच्या सडकेवर आतां बैलाचे खूर झिजूं लागले.

बैलास नाल ठोकणें हें निराळेंच काम. त्याचा खूर दुभंगलेला. म्हणून एका पायास अर्धचंद्रासारख्या दोन पत्र्या लागतात. शिवाय घोडा उभ्यानें पाय देतो, बैल देत नाहीं. त्यास दोर टाकून आडवा पाडावा लागतो आणि चारही पाय एकत्र आवळून मगच हातोडी उचलावी लागते. ‘नालबंद’ शब्दांतील बांधणें येथें अक्षरशः खरें झालें.