स्वस्त घरांचा इतिहास : लॉस एंजेलिसच्या हिस्पॅनिक वस्त्या

सांद्रा सिस्नेरोस यांची 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' (१९८४) ही छोटेखानी कादंबरी अमेरिकन साहित्य शिकवणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. शिकागोतील एका मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबाने अखेर स्वतःचे घर घेतले आहे. भाड्याची कटकट मिटली आहे. परंतु निवेदिका एस्पेरान्सा हिला हे घर आईवडिलांनी वर्णन केलेल्या घरासारखे मुळीच वाटत नाही. वर्गात या घराचा विचार बहुधा प्रतीक म्हणून होतो : स्त्रीची स्वतःची जागा, लेखनाची जागा, स्थलांतरिताचे स्वप्न. हे अर्थ चुकीचे नाहीत. मात्र एक साधा प्रश्न त्यात बाजूला पडतो. अशा कुटुंबाला परवडणारे घर अशाच वस्तीत का मिळते? याचे उत्तर कादंबरीबाहेर, खरेदीखते, नकाशे आणि न्यायालयीन निकाल यांत शोधावे लागते. लॉस एंजेलिस आणि त्याच्या परिसराचा इतिहास त्या दृष्टीने फार बोलका आहे.

आपल्याकडे 'घर पहावे बांधून' असे म्हणतात. १९३० पूर्वीच्या अमेरिकेत घर पाहावे कर्ज काढून, अशी स्थिती होती. कर्जाची मुदत थोड्या वर्षांची असे आणि किमतीचा मोठा भाग आधीच भरावा लागे. मंदीत लाखो घरांवर जप्तीची वेळ आली, तेव्हा १९३३ मध्ये 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' आणि १९३४ मध्ये 'फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या संस्था स्थापन झाल्या. दीर्घ मुदतीचे, समान हप्त्यांचे आणि सरकारी विम्याचे पाठबळ असलेले कर्ज हे या दुसऱ्या संस्थेचे मोठे देणे. साधा कामगारही घरमालक होऊ शकेल, अशी व्यवस्था प्रथमच उभी राहिली.

पण हा विमा सर्वांसाठी सारखा नव्हता. पहिल्या संस्थेने शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. सर्वात खालची श्रेणी लाल रंगाने दाखवली जाई. ज्यू, मेक्सिकन, जपानी आणि कृष्णवर्णीय लोक शेजारी-शेजारी राहत असलेल्या लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स या भागाला १९३९ मध्ये हीच श्रेणी मिळाली. लोकवस्तीचे मिश्रण हाच तेथे दोष ठरला. अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की या नकाशांना सर्वस्वी जबाबदार धरता येणार नाही. त्या संस्थेने स्वतः लाल भागांतही कर्जे दिली होती. अधिक दूरगामी परिणाम झाला तो फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या नियमावलीचा. वस्ती एकजिनसी राहावी म्हणून खरेदीखतात वांशिक अट असणे तिला इष्ट वाटत होते. नव्या उपनगरांना कर्ज सुलभ झाले आणि जुन्या मिश्र वस्त्यांना ते दुर्मीळ झाले. घरांच्या किमतीतील अंतर असे धोरणाने वाढत गेले.

मेक्सिकन लोकांची स्थिती यात विशेष गुंतागुंतीची होती. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहामुळे त्यांना नागरिकत्वाचा मार्ग मिळाला होता, आणि त्या काळी तो गोऱ्यांपुरता असल्यामुळे कायद्याच्या लेखी ते 'गोरे' ठरत. १९३० च्या जनगणनेत मात्र 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदवला गेला. पुढच्या जनगणनेत ती नोंद वगळण्यात आली. कागदावर गोरे आणि शेजारी म्हणून नको, असा हा विसंवाद होता.

तो न्यायालयात उघड झाला १९४३ मध्ये. ऑरेंज काउंटीतील फुलर्टन गावी अ‍ॅलेक्स आणि एस्थर बर्नाल या दांपत्याने घर घेतले. वस्तीच्या खरेदीखतांत मेक्सिकनांना मज्जाव होता. शेजाऱ्यांनी त्यांना घराबाहेर काढण्यासाठी दावा लावला. 'डॉस विरुद्ध बर्नाल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायाधीशांनी ती अट घटनाबाह्य ठरवली आणि बर्नाल कुटुंब तेथेच राहिले. त्यांचे वकील डेव्हिड मार्कस यांनीच पुढे 'मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर' हा शाळांतील विभाजनाविरुद्धचा महत्त्वाचा खटला लढवला. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत, असा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो आणखी पाच वर्षांनी, १९४८ मध्ये ('शेली विरुद्ध क्रेमर').

निकालाने मने बदलत नाहीत. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये घरविक्रीतील भेदभावाविरुद्ध कायदा केला, तर पुढच्याच वर्षी जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी तो निष्प्रभ करण्याच्या बाजूने कौल दिला. तो कौल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. १९६८ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला.

यानंतरची कथा साउथ गेटसारख्या कामगार उपनगरात दिसते. टायर आणि मोटारींच्या कारखान्यांवर पोसलेले हे गाव दीर्घकाळ केवळ गोऱ्यांचे होते. शेजारच्या वॉट्समधील १९६५ च्या उद्रेकानंतर गोरी कुटुंबे निघू लागली. १९८० च्या सुमारास कारखानेही बंद पडले. रिकामी होणारी ती छोटी घरे मेक्सिकन आणि मध्य अमेरिकी कुटुंबांनी घेतली. २००० च्या जनगणनेत गावातील दहांपैकी नऊंहून अधिक रहिवासी हिस्पॅनिक होते. घर स्वस्त मिळाले ते रोजगार निघून गेल्यावर, ही यातील खोच. तरीही ओसाड पडू शकले असते असे गाव या खरेदीदारांनी जगते ठेवले, याची नोंद इतिहासकाराने घ्यायलाच हवी.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी बाजाराने आपली चाल बदलली. पूर्वी कर्ज नाकारले जात होते, आता वाईट कर्ज गळ्यात मारले जाऊ लागले. 'कंट्रीवाइड' या कंपनीने २००४ ते २००८ या काळात दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना अधिक शुल्क लावले किंवा महागड्या कर्जांकडे वळवले, असा अमेरिकी न्याय खात्याचा आरोप होता. २०११ मध्ये ३३.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोवर अनेकांची घरे गेली होती. ज्यांची जवळपास सर्व बचत घरातच गुंतलेली असते, त्यांचे घर गेले की पुढच्या पिढीचे शिक्षणही त्याबरोबर जाते.

जुन्या खरेदीखतांतील त्या अटी निरर्थक झाल्या तरी कागदावर राहिल्याच होत्या. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून त्या शोधून झाकण्याचे काम प्रत्येक काउंटीकडे सोपवले. मूळ प्रत मात्र संदर्भासाठी जपायची आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही तरतूद महत्त्वाची वाटावी. नव्या मालकाच्या हाती अपमानाचे वाक्य पडू नये हे योग्यच. पण ते वाक्य लिहिले गेले होते, हे कळल्याखेरीज एस्पेरान्साला आपल्या घराची लाज का वाटते, हेही पुरते कळणार नाही.