सात हजार किलोमीटर आणि पाच मैल

मुंबई आणि लंडन यांमधील अंतर किती, या प्रश्नाचे भूगोलाने दिलेले उत्तर पक्के आहे: पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून सर्वांत जवळच्या मार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर. इतिहासाचे उत्तर मात्र सतत बदलत आले. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजांना चार ते सहा महिने लागत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर आगबोटींनी हा प्रवास काही आठवड्यांवर आणला. १९२९ साली इंपीरिअल एअरवेजने लंडन ते कराची सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत आणि त्यातला एक टप्पा आगगाडीचा होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हामार्गे १० जूनला लंडनला पोहोचले. आज थेट विमानाला नऊ-दहा तास पुरतात.

ही यादी प्रगतीचा आलेख म्हणून वाचण्याची आपल्याला सवय आहे. या आलेखात एक पर्वतही आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे जाताना आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ४८ जण मरण पावले. प्रवाशांत बहुतेक भारतीय खलाशी होते. बोटीवर रुजू होण्यासाठी ते विमानाने निघाले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळपास त्याच जागी कोसळले. डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले. विमानातील एक दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होते. माँ ब्लाँ अद्याप पाच मैल पुढे आहे, असे जिनिव्हाच्या नियंत्रकाने कळवले; पर्वत मागे पडला अशा समजुतीने वैमानिकाने विमान खाली आणले. सात हजार किलोमीटरांच्या वाटेत पाच मैलांचा अर्थ चुकला.

पुढचा प्रवास हिमनदीने केला. २०१२ साली बोसाँ हिमनदीवर भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची थैली सापडली. तिच्या वाटेला ४६ वर्षे लागली होती. २०२० साली त्याच बर्फातून इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी छापलेली वर्तमानपत्रे बाहेर आली.

प्रवासाचा अवधी मोजला जातो तो पोहोचलेल्यांचा. प्रवासवर्णनाचेही तसेच आहे: ते लिहितो तो पोहोचलेला आणि बहुधा परतलेला माणूस. त्या खलाशांचे प्रवासवर्णन नाही. मराठीतील विलायतेच्या प्रवासवर्णनांचा अभ्यास करताना लेखकाला किती दिवस लागले याची नोंद आपण आवर्जून घेतो. त्याच वाटेवर कोण लिहिण्यापूर्वीच थांबले, हा प्रश्नही त्या नोंदीशेजारी असावा, असे आम्हाला वाटते.