तळटीप : वाशी खाडीकाठच्या छायाचित्रातील जीप

* लेखकाने या गाडीला ‘लढाईतली जीप’ म्हटले आहे, पण छायाचित्रातील गाडी युद्धकालीन नाही. अशा गाडीची ओळख पटवताना हूडच्या कापडावर विसंबू नये. कॅनव्हास दर काही पावसाळ्यांनी बदलला जातो. मूळ राहिलेच तर ते त्याखालचे लोखंड. युद्धकालीन विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या गाड्यांच्या हूडला गोल नळीच्या दोन कमानी असतात. त्या बॉडीच्या टबाच्या दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटवर फिरतात आणि हूड काढले की मागे घडी होऊन टबाला लागून बसतात. मागच्या पत्र्यावर पट्टे ओवायच्या लहान कड्या असतात. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. गंज खरवडून ते शोधावे. खाडीच्या खाऱ्या हवेत ब्रॅकेटचे बोल्ट आधी जातात, म्हणून बदललेला बोल्ट पाहून निष्कर्ष काढू नये. गॅरेजमध्ये वाकवलेल्या नव्या कमानीही सर्रास आढळतात.

अशा वेळी बॉडी पाहावी. एमबीच्या पुढच्या जाळीत नऊ फटी, नागरी सीजे मालिकेत सात. इथे सात आहेत, आणि बॉनेट उंच आहे. ही १९५३ साली आलेल्या सीजे-३बीची खूण. तिचे उंच इंजिन जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी केली आणि पुढे हेच मॉडेल इथे वर्षानुवर्षे बनवले.
— संपादक