जुना संगणक आणि छोटी प्रणाली

संगणकाची कळ दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत किती वेळ जातो? घरी हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नसतो, शाळेत असतो. आपला तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यातली पाच-सात मिनिटे मुलांना संगणकापुढे बसवण्यात जातात आणि आणखी पाच-सात संगणक जागा होण्यात. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे अनेक तास भारनियमन होते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले आहे. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव घ्या, किंवा मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. तासाच्या मध्येच वीज जायची शक्यता असेल, तर जागा व्हायला सहा मिनिटे घेणारा संगणक आणि एका मिनिटात जागा होणारा संगणक यांत फार मोठा फरक पडतो.

हा वेळ कशावर अवलंबून असतो? यंत्राच्या वेगावर, हे उत्तर आपण चटकन देतो. पण ते अर्धेच उत्तर आहे. उरलेला भाग आहे त्या यंत्रावर चालणाऱ्या प्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा. ती किती मोठी आहे, सुरू होताना किती गोष्टी आपणहून चालू करते आणि या गोष्टी चकतीवर कशा ठेवलेल्या असतात, यावर बरेच काही ठरते. लिनक्स या प्रणालीच्या इतिहासात एक प्रवाह असा आहे की, ज्यातल्या मंडळींनी सतत एकच प्रश्न विचारला : यातले काय वगळले तरी चालेल? या लेखात आपण त्या प्रवाहाचा मागोवा घेऊ.

फ्लॉपीची शिस्त

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. त्याचा संगणक होता ३८६ प्रोसेसरचा. त्या काळी एका संगणकावरून दुसऱ्यावर काही न्यायचे तर फ्लॉपी लागे आणि तिच्यावर मावत १.४४ मेगाबाइट. साहजिकच लिनक्सच्या पहिल्या पिढीने काटकसर शिकली ती फ्लॉपीकडून.

या काटकसरीचा एक सुंदर नमुना म्हणजे बिझीबॉक्स. डेबियन नावाच्या लिनक्स संचाची स्थापना करण्यासाठी आणि बिघडलेला संगणक दुरुस्त करण्यासाठी लागणारी सगळी अवजारे एकाच फ्लॉपीवर बसवायची होती. फाइलींची यादी दाखवणे, नक्कल करणे, फाइल पुसणे अशा प्रत्येक कामाची वेगळी छोटी आज्ञावली असते, आणि प्रत्येकीत काही भाग तोच तो असतो. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास या सगळ्या आज्ञावल्या एकाच आज्ञावलीत गुंफल्या. तिला ज्या नावाने हाक माराल ते काम ती करते. आपल्याकडची विळी आठवा. पाते भाजी चिरते, टोकाची खवणी नारळ खवते आणि पाट दोघांना एकच. सामाईक भाग एकदाच ठेवल्यामुळे जागा वाचते. बिझीबॉक्स आजही असंख्य राउटरांत आणि छोट्या यंत्रांत काम करते आहे.

त्याच सुमारास लिनक्सच्या गाभ्यातही एक महत्त्वाचा बदल झाला. १९९५ मधल्या १.२ या आवृत्तीपासून गाभ्याचे काही भाग सुटे करून गरजेप्रमाणे जोडण्याची आणि काढण्याची सोय पक्की झाली. एखादे यंत्र जोडलेलेच नसेल, तर त्याची माहिती गाभ्याने कायम बाळगायची गरज उरली नाही. लहान गाभा आणि सुटे भाग ही कल्पना इथून पुढे आपल्याला वारंवार भेटणार आहे.

सीडीवरचा संगणक

पुढे सीडी आली. ७०० मेगाबाइटची एक सीडी म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे फ्लॉप्या! जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स हा संच काढला. तो हार्ड डिस्कला हात न लावता सरळ सीडीवरून चाले. माहिती दाबून, म्हणजे संकुचित करून ठेवलेली असल्यामुळे एका सीडीत सुमारे दोन गिगाबाइटचा ऐवज मावत असे. संगणकात काहीही न बदलता लिनक्स पाहता येऊ लागले.

पण सीडी मोठी झाली तशी काटकसर सुटू लागली. याला उत्तर म्हणून काही जणांनी स्वतःवर मर्यादा घालून घेतली. जॉन अँड्र्यूज यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेल्या डॅम स्मॉल लिनक्सने ५० मेगाबाइटची रेघ आखली. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीत मावेल एवढाच हा संच. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी त्याच वर्षी पपी लिनक्स काढले. चेक प्रजासत्ताकातील तोमाश मातेयिचेक यांच्या स्लॅक्सने सुट्या भागांची कल्पना पुढे नेली.

स्लॅक्सची रचना समजून घेण्यासाठी ओव्हरहेड प्रोजेक्टर आठवावा. एका पारदर्शिकेवर महाराष्ट्राची सीमा, दुसरीवर नद्या, तिसरीवर जिल्हे. तिन्ही एकावर एक ठेवल्या की पडद्यावर एकच नकाशा दिसतो. नद्या नको असतील तर ती पारदर्शिका काढून घ्यायची. स्लॅक्समध्ये प्रत्येक भाग ही अशी एक पारदर्शिका असते. वापरणाऱ्याने केलेले बदल सर्वांत वरच्या कोऱ्या पारदर्शिकेवर होतात, खालच्या जशाच्या तशा राहतात.

टायनी कोअर

डॅम स्मॉल लिनक्सवर काम केलेले रॉबर्ट शिंगलडेकर यांनी २००८ च्या अखेरीस टायनी कोअर लिनक्स लोकांपुढे ठेवले. ५० मेगाबाइटची रेघही त्यांना मोठी वाटली असावी, कारण टायनी कोअरची सुरुवातीची आवृत्ती होती सुमारे १० मेगाबाइटची. म्हणजे सात फ्लॉप्यांचा ऐवज. तेवढ्यात गाभा, बिझीबॉक्स, खिडक्या दाखवणारा पडदा आणि पुढचे भाग मिळवण्याची सोय एवढेच होते. लेखनाची आज्ञावली नाही, ब्राउझर नाही, खेळ नाहीत. जे हवे ते ज्याने त्याने जोडून घ्यायचे.

हे जोडणे कसे होते, ते पाहण्याजोगे आहे. नेहमीच्या पद्धतीत एखादी आज्ञावली बसवली की तिच्या शेकडो फाइली चकतीवर ठिकठिकाणी विखुरतात. प्रयोगशाळेतल्या सगळ्या पेट्या उघडून त्यांतले साहित्य एकाच टेबलावर ओतावे, तसे हे आहे. पुढे एखादी पेटी परत भरायची म्हटली तर कोणती स्क्रू कोणाची हे शोधत बसावे लागते. टायनी कोअरमध्ये पेटी उघडून ओततच नाहीत. प्रत्येक भाग ही दाबून बंद केलेली एकच फाइल असते. ती आहे तशीच जोडली जाते आणि तिच्यातल्या वस्तूंची फक्त नावे मुख्य यादीत दिसू लागतात. एखादी वस्तू लागली की तेवढाच तुकडा वाचून मोकळा केला जातो. ही किमया करणारी स्क्वॉशएफएस ही रचना फिलिप लाउगर यांची. २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात सामील झाली.

एका भागाला दुसऱ्याची गरज असते. चित्रे दाखवणाऱ्या आज्ञावलीला चित्रे उलगडणारा भाग लागतो. म्हणून प्रत्येक भागासोबत एक छोटी यादी असते : मला अमुक अमुक लागते. दोन आज्ञावल्यांना एकच भाग लागत असेल तर तो एकदाच जोडला जातो. शिवाय कोणता भाग संगणक सुरू होतानाच जोडायचा आणि कोणता मागितल्यावरच, हे वापरणारा ठरवतो. रोज लागणारे बाहेर, सणासुदीचे माळ्यावर.

आता वेगाचा हिशेब करू. हार्ड डिस्कवर एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला वाचकाला सुमारे एक शतांश सेकंद लागतो. विखुरलेल्या तीन हजार फाइली वाचायच्या, तर नुसत्या ये-जा करण्यातच तीस सेकंद गेले. पण दहा मेगाबाइटची एक सलग फाइल तीच चकती एका सेकंदाच्या आत वाचू शकते. एकदा ती रॅममध्ये आली की पुढची कामे रॅमच्या वेगाने होतात. छोटी प्रणाली लवकर जागी होते ती यामुळे.

भारनियमनाच्या गावाला आणखी एक फायदा आहे. भाग केवळ वाचण्यापुरते जोडलेले असतात, त्यांवर काही लिहिले जात नाही. त्यामुळे अचानक वीज गेली तरी प्रणालीचे नुकसान होण्याची भीती फार कमी. पुढच्या वेळी ती पहिल्यासारखीच ताजी सुरू होते. अर्थात मुलांनी साठवून न ठेवलेले काम जाते. ते साठवण्याची सवय मात्र लावावीच लागते.

रायगडमधील एक शाळा

या प्रवाहाशी नाते सांगणारा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही कल्पना मांडली. भारत सरकारने २००६ मध्ये तिला नकार दिला. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या प्राथमिक शाळेत वीस-बावीस मुलांच्या हाती हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. शाळा मराठी माध्यमाची, शिक्षक एकच आणि वर्ग एकत्र.

या यंत्राचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्‌झचा, रॅम २५६ मेगाबाइट आणि साठवणीची जागा एक गिगाबाइट. हार्ड डिस्क नव्हतीच. त्यावर फेडोरा लिनक्सचे आटोपशीर रूप चाले आणि वर शुगर नावाचे मुलांसाठीचे आवरण. शुगरमध्ये लेखन, चित्रकला, ध्वनिमुद्रण, कासव-भूमिती हे सगळे सुटे ‘उपक्रम’ असतात. प्रत्येक उपक्रम ही एक दाबलेली फाइल. जागा भरली तर एक काढून दुसरा घालायचा. पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. यांच्या गटाने या शाळेतील मुलांच्या शिकण्याचा अभ्यास केला. २००८ मध्ये शुगरचे काम त्या लॅपटॉपपासून वेगळे झाले आणि २००९ पासून ते साध्या पेन ड्राइव्हवरूनही चालवता येऊ लागले.

मराठीचे काय?

‘काय वगळले तरी चालेल’ या प्रश्नाची दुसरी बाजू इथे येते. वगळणारा कोण, हे महत्त्वाचे ठरते. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत बसून मेगाबाइट वाचवणाऱ्याला देवनागरीचा फाँट अनावश्यक वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून बहुतेक छोट्या प्रणालींच्या मूळ गाभ्यात तो नसतो आणि मराठी पानाच्या जागी चौकटी दिसतात.

फाँट घातला तरी काम पुरे होत नाही. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी क साठवला जातो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ‘क्ष’, ‘त्र’ ही जोडाक्षरे जुळवावी लागतात. ‘वाऱ्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्धा र तर हिंदीला लागतच नाही, मराठीला लागतो. अक्षरे जुळवणारा हा भाग वेगळा असतो आणि काही छोट्या प्रणालींत जागेसाठी तोही गाळलेला असतो.

पण रचना सुट्या भागांची असल्यामुळे इलाज आपल्या हातात राहतो. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये अक्षरजुळणी आतच असते. छोट्या गाभ्याला हे दोन भाग जोडले की मराठी पान नीट वाचता येते. कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही आणि एकाने तयार केलेली जुळणी पेन ड्राइव्हवरून तालुक्यातल्या दहा शाळांना देता येते.

मर्यादा

या प्रणाली जुन्या यंत्राला नवे करीत नाहीत, हेही सांगायला हवे. प्रणाली दहा मेगाबाइटची असली तरी आजचे एखादे चित्रांनी भरलेले संकेतस्थळ उघडायला ब्राउझर शेकडो मेगाबाइट रॅम मागतो. छपाईयंत्र किंवा वायफायचा एखादा प्रकार चालेलच याची खात्री नसते. काळाची मर्यादा लिनक्सलाही आहे. ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ च्या अखेरीस गाभ्यातून काढण्यात आला. म्हणजे टोरवाल्ड्‌सने ज्या संगणकावर लिनक्स लिहिले त्याच्यावर आजचे लिनक्स चालणार नाही! डेबियननेही २०२५ च्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली.

तरीही हा विषय आज शिक्षकांच्या दारात आला आहे. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार संपला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ किमान ४ गिगाबाइट रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय मागते. अनेक शाळांतल्या संगणकांत ती नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी त्या यंत्रांतला एकही सुटा भाग झिजलेला नव्हता, तरी ती निर्लेखनाच्या यादीत जाऊ लागली.

त्या यादीवर सही करण्यापूर्वी वरच्या वर्गातील मुलांना दोन कामे देता येतील. पहिले, घड्याळ लावून प्रत्येक संगणक जागा व्हायला किती वेळ घेतो ते मोजणे आणि त्याची रॅम किती ते नोंदवणे. दुसरे, वर्षभरात शाळेने त्या संगणकावर खरोखर कोणकोणती कामे केली, याची यादी करणे. बहुधा ती आठ-दहा ओळींपलीकढे जाणार नाही. मग त्यांतला एक संगणक निवडून, पेन ड्राइव्हवरच्या छोट्या प्रणालीला तेवढेच भाग जोडून पाहावे आणि पुन्हा घड्याळ लावावे. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, की कोणते यंत्र ठेवायचे आणि कोणते काढायचे याची चर्चा मुलेच करू शकतील.